ताराही फिरतो

[दृश्य: अवकाशातून दिसणारी पृथ्वी, मागे सूर्य]

एका सेकंदात पृथ्वी आपल्या कक्षेत सुमारे 30 किलोमीटर पुढे जाते. आणि त्याच एका सेकंदात ती सूर्याकडे पडते, जेमतेम 3 मिलिमीटर. त्या 3 मिलिमीटरनं तिची वाट किंचित वळते. पुन्हा 30 किलोमीटर, पुन्हा 3 मिलिमीटर. वर्षभर हे चालू राहतं आणि एक प्रदक्षिणा पूर्ण होते. तिला मागून कुणी ढकलत नाही. ढकलण्याची गरजही नाही, कारण अवकाशात तिला अडवणारं जवळजवळ काहीच नाही.

ही वाट लंबवर्तुळाकार आहे. जानेवारीच्या सुरुवातीला आपण सूर्यापासून सुमारे 14 कोटी 71 लाख किलोमीटरवर असतो, जुलैच्या सुरुवातीला 15 कोटी 21 लाखांवर. जवळ आलं की वेग वाढतो, लांब गेलं की मंदावतो. खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लरनं मंगळाच्या नोंदींशी वर्षानुवर्षं झुंजून 1609 मध्ये हे मांडलं.

पण पाठ्यपुस्तकातल्या चित्रात सूर्य मधोमध स्थिर दाखवलेला असतो, आणि तिथेच खरी गंमत निसटते. सूर्य ग्रहाला जेवढ्या जोरानं ओढतो, तेवढ्याच जोरानं ग्रहही सूर्याला ओढतो. आई आणि छोटी मुलगी फुगडी घालतात तेव्हा मुलगी मोठा घेर घेते. पण आईची पावलंही एका जागी राहत नाहीत, तिचंही एक लहानसं रिंगण होतं.

[दृश्य: सूर्य आणि गुरू, दोघांच्या मधला बिंदू ठळक]

गुरू आणि सूर्य ज्या बिंदूभोवती फिरतात, तो सूर्याच्या केंद्रापासून सुमारे 7 लाख 42 हजार किलोमीटरवर आहे. सूर्याची त्रिज्या 6 लाख 96 हजार किलोमीटर. म्हणजे हा बिंदू चक्क सूर्याच्या बाहेर पडतो! गुरूला एका फेरीला जवळपास 12 वर्षं लागतात. गुरूच्या ओढीनं तेवढ्याच काळात सूर्यही आपली छोटी फेरी पुरी करतो, सेकंदाला साधारण साडेबारा मीटर वेगानं.

मग एखाद्या दूरच्या ताऱ्याचा ग्रह ताऱ्याच्या झगमगाटात दिसतच नसेल, तर? ताऱ्याकडे बघायचं. तो आपल्या दिशेनं सरकत असेल तर त्याच्या वर्णपटातल्या, म्हणजे त्याचा प्रकाश फाकवल्यावर दिसणाऱ्या रंगांच्या पट्ट्यातल्या, काळ्या रेषा किंचित निळ्या बाजूला जातात, दूर जात असेल तर तांबड्या बाजूला.

[दृश्य: पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदेचा चौकोन]

नोव्हेंबरच्या सुरुवातीला रात्री आठच्या सुमारास महाराष्ट्रातून भाद्रपदेचा मोठा चौकोन जवळपास डोक्यावर असतो. पूर्वा भाद्रपदेचे दोन तारे जोडणाऱ्या रेषेच्या साधारण मध्याशी, जरासा पश्चिमेला, एक मंद तारा आहे: 51 पेगासी. अंतर सुमारे 50 प्रकाशवर्षं. गावाबाहेरच्या काळोख्या आकाशात तीक्ष्ण नजरेला तो दुर्बिणीशिवायही सापडू शकतो.

फ्रान्समधल्या ओत-प्रोव्हान्स वेधशाळेत खगोलशास्त्रज्ञ मिशेल मेयर आणि त्यांचे विद्यार्थी दिदिए केलो या ताऱ्याच्या रेषा मोजत होते. रेषा मागेपुढे होत होत्या, दर 4.23 दिवसांनी तोच क्रम. म्हणजे ग्रहाचं वर्ष अवघं चार दिवसांचं! आपल्या बुधालाही 88 दिवस लागतात. आणि हा ग्रह बुधासारखा छोटा नव्हता. त्याचं वस्तुमान गुरूच्या निम्म्याच्या आसपास निघत होतं. एवढा मोठा ग्रह ताऱ्याच्या इतक्या निकट असेल, अशी बहुतेकांची अपेक्षाच नव्हती. दोघांनी घाई केली नाही. तारा सूर्याच्या झगमगाटाआड गेला, तो पुन्हा दिसेपर्यंत ते थांबले, आणि जुलै 1995 मध्ये रेषा ठरल्या वेळी ठरल्या जागी आहेत का, हे पडताळलं. होत्या. ऑक्टोबरमध्ये त्यांनी शोध जाहीर केला. 2019 चं भौतिकशास्त्राचं अर्धं नोबेल त्यासाठीच मिळालं. त्या पारितोषिकाइतकाच मला तो थांबण्याचा काळ मोठा वाटतो.

ताऱ्याच्या अशाच मागेपुढे होण्यावरून, त्याच्या थरथरीवरून, सापडलेल्या एका ग्रहाला 2019 मध्ये भारतातून नाव दिलं गेलं: संतमस. त्याचा तारा बिभा, भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांच्या नावाचा. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी वैश्विक किरणांवर, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या वेगवान कणांवर, काम केलं होतं. संतमसची एक फेरी दोन दिवसांहून थोड्याच जास्त वेळात होते.

असे जवळचे, जड ग्रह ताऱ्याला जोरात हलवतात, म्हणून आधी सापडले. आपली पृथ्वी सूर्याला हलवते ती सेकंदाला फक्त 9 सेंटीमीटर वेगानं. ताऱ्याचा उकळता पृष्ठभाग स्वतःच याहून कितीतरी वेगानं वरखाली होत असतो. त्या खळबळीतून 9 सेंटीमीटर वेगळे काढायचे, आणि फेरी पुन्हा तशीच होते हे पाहण्यासाठी तोच तारा वर्षानुवर्षं मोजत राहायचं. आजचे वर्णपटमापक या अचूकतेच्या जवळ येऊ लागले आहेत.