नाकातली नस जाळली की सर्दी कायमची जाते? दोन वर्षांचे आकडे वाचूया

नमस्कार. पाऊस लागला की हा प्रश्न सुरू होतो. यंदा गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत सगळ्यांनी तोच विचारलाय: डॉक्टर, नस जाळली की जुनी सर्दी कायमची जाते ना?

मूळ गोष्ट पटकन सांगते. नाकात मागच्या बाजूला पोस्टिरिअर नेझल नर्व्ह असते, नाक गळण्याचा हुकूम तिच्यातून येतो. दुर्बिणीतून बघत ती गोठवतात, नाहीतर रेडिओफ्रीक्वेन्सीने, म्हणजे रेडिओलहरींच्या ऊर्जेने, तापवतात. झालं.

आता आकडे. गळणं, चोंदणं, शिंका, खाज. प्रत्येक त्रासाला ० ते ३ गुण, एकूण १२. जितके गुण जास्त तितका त्रास जास्त. रेडिओफ्रीक्वेन्सीनंतर दोन वर्षांनीही हे गुण आधीच्या निम्म्याहून खाली राहिलेले दिसलेत. चांगलीच गोष्ट आहे. पण पुढचं कुणी सांगत नाही, त्याचा मला राग येतो.

रेडिओफ्रीक्वेन्सीच्या २०२१ च्या चाचणीत एका गटाला खरा उपचार दिला. दुसऱ्याच्या नाकात नुसतं यंत्र घातलं, ऊर्जा दिलीच नाही. तीन महिन्यांनी पहिल्या गटात ६७.५ टक्के लोकांचे गुण निदान ३० टक्क्यांनी उतरले. दुसऱ्यात? ४१ टक्के लोकांचे! काहीही न करता! गोठवण्याच्या चाचणीतही ७३.७ विरुद्ध ३६.५.

आणि दोन वर्षांच्या आकड्यात हा दुसरा गट नाहीच. तीन महिन्यांनंतर त्यांनाही खरा उपचार घ्यायची मुभा होती, आणि ते योग्यच. पण मग आराम टिकला एवढंच कळतं, त्यातला किती नसेमुळे ते कळत नाही.

डिचोलीची माझी मावशी घ्या. काजूच्या भट्टीचा वास आला की नाक गळायचं, पावसात तर टॉवेल घेऊन बसायची. एका वर्षी चतुर्थीनंतर आपोआप कमी झालं. जुलैत नस जाळली असती तर श्रेय कुणाला दिलं असतं? माणूस डॉक्टरकडे येतो तोच त्रास शिगेला पोचल्यावर. तिथून तो थोडा उतरतोच.

अजून एक. ज्याला आराम पडला नाही, तो दोन वर्षांनी तपासणीला येईलच असं नाही. मग सरासरी कुणाची निघते?

एका ताईंनी विचारलंय, "म्हणजे फसवणूक आहे का?" नाही हो ताई. तीन महिन्यांचा तो साडेसव्वीस टक्क्यांचा फरक खरा आहे. पूर्वी व्हिडियन नस कापायचे, डोळ्यांतल्या पाण्याचा हुकूमही तिच्यातूनच जातो, त्यात डोळे कोरडे पडायचे. त्यापेक्षा हे कितीतरी सौम्य. पण भिंतीवरच्या बुरशीची ॲलर्जी यानं जात नाही, वाकडं हाड सरळ होत नाही.

तेव्हा एक करा. आजपासून चतुर्थीपर्यंत रोज रात्री चारही गुण कॅलेंडरवर लिहा आणि ती पानं घेऊनच डॉक्टरकडे जा. स्प्रे नाकात नीट कसा मारायचा, ते पुढच्या आठवड्यात दाखवते.