पावाच्या बदल्यात अक्षरं

श्रोतेहो, नमस्कार. अमेरिकेतली गुलामगिरी म्हटलं की आपल्याला गुलामगिरी नको म्हणणारा उत्तर भाग विरुद्ध ती हवी म्हणणारा दक्षिण भाग एवढंच आठवतं. पण माणूस घरात मालकाच्या खुर्चीत बसतो की चुलीपाशी, यावरही त्याचं मत ठरायचं. साउथ कॅरोलायना या दक्षिणेतल्या राज्याचे जेम्स हॅमंड शेकडो गुलामांचे मालक. १८५८ साली ते सेनेटमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरच्या सभागृहात, म्हणाले, हलकी कामं करायला प्रत्येक समाजाला खालचा वर्ग लागतोच. त्यांचं सगळं वैभव त्याच कामांवर उभं होतं.

आता अमेरिकेतल्याच बाल्टिमोर शहरात चला. साल १८२६. पुढे गुलामगिरीविरुद्ध बोलणारा-लिहिणारा फ्रेडरिक डग्लस म्हणून गाजलेला, आठेक वर्षांचा गुलाम मुलगा ह्यू ऑल्ड या जहाजकारागिराच्या घरी आला. बायको सोफिया. लग्नाआधी ती विणकाम करून स्वतःचं पोट भरायची. हाताखाली गुलाम कधी नव्हता, त्यामुळे गुलामाशी कसं वागायचं हेच तिला ठाऊक नव्हतं. तिनं पोराला जवळ बसवून मुळाक्षरं शिकवायला घेतली, तीन-चार अक्षरी शब्दांपर्यंत आणलं. नवऱ्याला कळलं, तसा तो कडाडला : बोट दिलं तर हा हात धरेल, वाचायला शिकला तर गुलाम म्हणून राहणार नाही! पोरगा ऐकत होता. सुटकेची वाट त्याला तिथेच दिसली.

आणि सोफिया? ती बदलली, श्रोतेहो. तीच सोफिया, तेच घर. पण आता ती मालकीण झाली होती. त्याच्या हातात वर्तमानपत्र दिसलं की धावत येऊन हिसकावून घ्यायची.

मग फ्रेडरिकनं गुरू शोधले गल्लीत. घरात पाव भरपूर असायचा. निरोपाला बाहेर पडताना तो खिशात पाव घ्यायचा आणि भुकेल्या गोऱ्या पोरांना द्यायचा. बदल्यात अक्षरं. पाव द्यायचा, अक्षरं घ्यायचा. तो त्यांना म्हणे, तुम्ही एकवीस वर्षांचे झालात की मोकळे, मी मात्र जन्मभर गुलाम. पोरं कासावीस व्हायची. तूही सुटशील, म्हणायची.

१८३८ साली तो पळून सुटला. १८४५ साली त्यानं आपली हकिगत छापली, त्यात मालकांची नावं घातली. त्या पोरांची नावं मात्र लिहिली नाहीत. गुलामाला वाचायला शिकवलं म्हणून त्यांना त्रास झाला असता.