टिचकी मारून घ्यायची दुनळी

मंडळी, आधी एक खुलासा. या टेबलावर ठेवलंय ती अख्खी दुनळी, म्हणजे दोन नळ्यांची छऱ्याची बंदूक नाही, तिच्या नुसत्या नळ्या आहेत. इथल्या अमेरिकी कायद्याच्या हिशेबात बंदूक म्हणजे तिचा मधला सांगाडा. नळ्या हा सुटा भाग. तरी हॉलवाल्यांना विचारूनच आणल्यात. सांगाडा आणि खांद्याला लावायचा लाकडी दस्ता घरी कपाटात कुलपात आहेत. तेव्हा मागच्या दाराशी उभ्या असलेल्या वहिनींनी पुढे येऊन बसायला हरकत नाही.

माझं बालपण सावंतवाडीकडचं. आजोबांकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती, भातात शिरणाऱ्या डुकरांसाठी. वर्षातून दोनदा वाजायची आणि वाजली की अख्ख्या वाडीला कळायचं. पुढे शिकार हा विषय आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं संपला, आणि ते योग्यच झालं. इथे मिनेसोटात मात्र गणित वेगळं आहे. रफ्ड ग्राउस नावाचा पक्षी उत्तरेकडच्या ॲस्पेनच्या झाडीत भरपूर आहे, दिवसाला पाचाची मर्यादा आहे, आणि परवान्याचा पैसा त्याच जंगलाच्या देखभालीला लागतो. गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्यातल्या काही जणांनी मला एकच प्रश्न विचारला: 'दुनळी घ्यायची आहे, पण खिसा बघून, स्पॅनिश घेऊ का?' आजचं बोलणं त्यावरच.

त्याआधी कायद्याच्या दोन गोष्टी पटकन. ३१ डिसेंबर १९७९ नंतर जन्मलेल्यांना इथे शिकारीचा परवाना हवा तर बंदूक-सुरक्षेचा कोर्स करावा लागतो. आणि एच-वनवर असलेल्यांनो, तुमच्यासारख्या व्हिसावाल्यांना बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्यानं सर्वसाधारण मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असेल तर सूट आहे. ही सूट नेमकी कशी लागू होते ते वकिलाकडून समजून घ्या, माझ्याकडून नको.

आता स्पेन. स्पेन म्हटलं तरी आपण बोलतोय ते बास्क प्रांतातल्या एका गावाबद्दल. गावाचं नाव एइबार. अरुंद खोरं, दोन्ही बाजूंना उभे डोंगर, सपाट जागा म्हणाल तर नाही. त्यामुळे तिथले कारखानेसुद्धा मजल्यावर मजला चढवलेले. शतकानुशतकं हे गाव हत्यारं घडवत आलं. सायकलवाले ओर्बेया हे नाव ऐकून असतील. ती मंडळी मुळात एइबारचे बंदूकवाले, १८४० पासूनचे. एका हातातलं कसब दुसऱ्या धंद्यात जातं ते असं. १९३१ मध्ये स्पेनचं प्रजासत्ताक सर्वांत आधी जाहीर केलं ते याच कामगारांच्या गावानं, आणि यादवी युद्धात त्याची जबर किंमत मोजली: १९३७ मध्ये बाँबफेकीत गाव भुईसपाट झालं.

युद्धानंतर स्पेन गरीब होता, मजुरी स्वस्त होती आणि कारागीर तेच होते. इंग्रज पद्धतीची हलकी, सरळ मुठीची दुनळी त्यांना उत्तम जमायची. इंग्लंडातली पहिल्या प्रतीची दुनळी आज नवी घ्यायची तर लाख पौंडांच्या पुढे जाते. तिची जवळपास तीच घडण एइबारवाले त्याच्या एका बारीक तुकड्यात देत आले. आगिर्रे इ आरान्साबाल, म्हणजे 'आया', ही १९१५ ची पेढी. उगार्तेचेआ १९२२ ची. शिवाय आर्रिएता, गार्बी, ग्रूया ही वरच्या दर्जाची नावं. १९८० च्या दशकात बऱ्याच कारखान्यांची मोट बांधून एक मोठी कंपनी काढायचा घाट घातला गेला, तो बुडाला. त्यात अनेक पेढ्या गेल्या, आया तगली.

आता माझ्या मूर्खपणाची गोष्ट. पहिली स्पॅनिश दुनळी मी एका दुकानातून घेतली. दुकानाचं नाव सांगत नाही, कारण चूक माझी जास्त. बंदूक देखणी. सांगाड्याच्या दोन्ही बाजूंना पोलादी पत्रे, त्यांवर फुलापानांचं कोरीवकाम असं, की आईनं पाहिलं असतं तर म्हणाली असती, 'याचा करंडा का नाही केला?' दुकानदार म्हणाला, साइडलॉक आहे. मी हजार डॉलर जास्तीचे मोजले. पहिल्याच मोसमात एका ग्राउसवर बार टाकला आणि दोन्ही नळ्या एकदम वाजल्या. नळ्या आभाळाकडे होत्या म्हणून बरं. दुरुस्ती करणाऱ्या म्हाताऱ्यानं बंदूक हातात घेतली, पत्र्यावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, 'यात खिळ्यांची टोकं कुठे आहेत?'

तिथे मला अक्कल आली. खऱ्या साइडलॉकमध्ये घोडा, त्याची स्प्रिंग, त्याला अडवणारी खिट्टी हे सगळं त्या बाजूच्या पत्र्यावर बसवलेलं असतं, म्हणून पत्र्याच्या बाहेरून छोट्या पिनांची टोकं दिसतात. माझ्या पत्र्यावर एकही नव्हतं. आत होतं साधं बॉक्सलॉक, म्हणजे सगळी यंत्रणा सांगाड्याच्या पोटात बसवलेली, १८७५ ची ॲन्सन आणि डीली या इंग्रजांची रचना, आणि बाहेरून नुसते दागिने. चांगल्या साइडलॉकमध्ये आणखी एक दुसरी खिट्टी असते. धक्क्यानं पहिली निसटली तरी ती घोडा अडवते. मी त्या सुरक्षिततेचे पैसे दिले होते आणि ती आत नव्हतीच. खिट्टीचं पोलाद मऊ, कडा झिजलेली, पहिल्या बाराच्या धक्क्यानं दुसरा घोडा सुटला. १९६० आणि ७० च्या दशकांतल्या काही स्पॅनिश बंदुकांवर आतल्या सुट्या भागांच्या मऊपणाची तक्रार कायम ऐकू येते. ती माझ्या वाट्याला आली.

म्हणून माझं म्हणणं सोपं आहे. कमी पैशात घ्यायची असेल तर साधी बॉक्सलॉक घ्या, दोन चापांची, आणि वाचलेले पैसे दस्ता अंगावर बसवून घ्यायला खर्च करा. आयाची नंबर ४ हा याचा नमुना. कोरीव काम नावाला, पण नळ्या बघा. बुडाशी दोन्ही नळ्यांचे लोखंडी ठोकळे नळीच्याच धातूतून घडवून एकमेकांना जोडलेले असतात. इंग्रज लोक हे काम आपल्या महाग बंदुकांना राखून ठेवायचे. एइबारवाल्यांनी ते स्वस्तातल्या दुनळीतही दिलं. पैसा तिथे आहे, फुलापानांत नाही.

दोन चाप का? एकच चाप दोन्ही नळ्यांना पुरवायची यंत्रणा जुन्या बंदुकांत पहिली बिघडते. शिवाय दोन चापांमुळे निवड हातात राहते. पुढचा चाप उजवी नळी, मोकळी, म्हणजे छर्रे लवकर पसरवणारी. मागचा डावी, तोंडाशी आवळलेली, छर्रे लांबवर एकत्र ठेवणारी. ग्राउस पायाजवळून फुर्रकन उठला तर पुढचा, लांबून उठला तर सरळ मागचा. आठवड्याभरात बोटाला सवय होते.

ही आवळण, म्हणजे चोक, स्पॅनिश लोक चांदण्यांनी लिहितात आणि इथेच बरेच जण फसतात. हॉटेलसारखं जास्त चांदण्या म्हणजे जास्त चांगलं, असं नाही. एक चांदणी म्हणजे पूर्ण आवळलेली नळी, दोन म्हणजे त्याहून थोडी सैल, तीन म्हणजे निम्मी, चार म्हणजे बरीच मोकळी. इथे जुन्या बाजारात मिळणाऱ्या अनेक दुनळ्या दोन आणि एक चांदणीच्या असतात. झाडीत ग्राउस बहुतेक पंचवीस यार्डांच्या आत पडतो. एवढ्या आवळलेल्या बारानं एकतर चुकतो किंवा लागला तर चटणी होते. चोक कारागिराकडून मोकळा करून घेता येतो, फार खर्च नाही. उलट मात्र होत नाही, काढलेलं पोलाद परत भरता येत नाही.

नळ्यांच्या बुडाशी सपाट भाग असतो, तिथे एइबारच्या सरकारी चाचणी-गृहाचे ठसे असतात. हे ठसे म्हणजे बंदुकीचा सातबारा. नळीचा आतला व्यास मिलिमीटरमध्ये, चेंबरची, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेची लांबी, कधी नळ्यांचं वजन किलोत. यातून दोन गोष्टी वाचता येतात. चेंबर ७० असेल तर आजची साधी पावणेतीन इंची काडतुसं चालतात. ६५ असेल तर जुनी, आखूड काडतुसं लागतात, दुकानात हाताला येतील ती भरू नका. दुसरं, ठशात १८.४ लिहिलंय आणि कारागिरानं आज मोजलं तर १८.७ भरतंय, म्हणजे कुणीतरी आतून घासून गंज काढलाय आणि नळीची भिंत त्या फरकाच्या निम्म्यानं पातळ झालीय. सर्वांत पातळ जागी अर्ध्या मिलिमीटरच्या खाली भिंत गेली असेल तर ती बंदूक भिंतीवर टांगायला बरी.

वर्षही ठशातच आहे. १९२७ सालाला ए, मग दर वर्षाला पुढचं अक्षर. पण वर्णमाला स्पॅनिश, त्यामुळे सी नंतर सीएच येतो, एल नंतर डबल एल, एन नंतर डोक्यावर लाट असलेला एन्ये. झेड येतो १९५४ ला, आणि १९५५ पासून पुन्हा ए, पुढे एक आकडा लावून. इंग्रजी वर्णमालेनं मोजलं की तीन वर्षांपर्यंत चूक होते. विकणाऱ्यानं सांगितलेलं साल आणि ठसा जुळतो का, एवढं बघाच.

आता या नळ्या. माठ घेताना आपण काय करतो? टिचकी मारतो. तेच. बुडाच्या ठोकळ्याला एका बोटावर अडकवून नळ्या हवेत सोडायच्या आणि बोटाच्या पेरानं ठोकायचं. ऐकलंत? देवघरातल्या घंटेसारखा लांब नाद येतोय. दोन नळ्यांमधली पट्टी डागलेली असते, तो डाग कुठे सुटला असेल तर आवाज बसका येतो, फुटक्या मडक्यासारखा. सुटलेल्या जागेत पाणी शिरतं आणि आतून गंज धरतो, तो बाहेरून दिसत नाही. विकणाऱ्याला टिचकी आवडली नाही तर तुम्ही आपली पावलं मागे घ्यावीत.

एक-दोन गोष्टी आणखी. नळ्यांखालचा पुढचा लाकडी हात काढून, बंदूक बंद ठेवून दस्ता धरून हलकेच हलवा. खुळखुळ वाटली तर सांधा झिजलाय. बंदूक उघडायची वरची किल्ली मध्यावर किंवा थोडी उजवीकडे थांबत असेल तर आयुष्य बाकी आहे. दस्त्याचं बूड सांगाड्याला भिडतं तिथे लाकूड काळपट, तेलकट दिसलं तर वर्षानुवर्षांचं तेल मुरलंय आणि लाकूड मऊ झालंय.

वजनाचं सांगतो, कारण आपल्यापैकी बरेच जण वजनावरूनच चूक करतात. बोअर म्हणजे नळीच्या रुंदीचं माप, आकडा मोठा तितकी नळी बारीक. वीस बोअरची दुनळी सहा पौंडांच्या आसपास असते, बाराची साडेसहा ते सात. दिवसभर ॲस्पेनच्या गचपणात चालायचं, बार टाकायचे चार, तर अर्धा पौंड संध्याकाळी खांद्याला कळतो. पण फार हलकी बंदूक हातात फडफडते, पक्ष्यामागे सरळ फिरत नाही. मी साडेसहाची बारा बोअर धरतो, आतमध्ये एक औंस छऱ्याचं हलकं काडतूस. फेझंट या दुसऱ्या, मोठ्या पक्ष्यासाठीही तीच.

फेझंटवाल्यांना एक इशारा: केंद्र सरकारच्या पाणपक्षी-संवर्धनाच्या जमिनींवर शिशाचे छर्रे चालत नाहीत. आणि जुन्या, पातळ, आवळलेल्या स्पॅनिश नळीत पोलादी छर्रे घातले तर चोकाजवळ फुगवटा येऊ शकतो. तिथे बिस्मथ या पोलादाहून मऊ धातूचे छर्रे वापरा. महाग आहेत, पण नळ्यांपेक्षा स्वस्त.

मघाशी दस्ता अंगावर बसवून घ्या म्हणालो, ते का ते सांगतो. कारखान्यातला दस्ता उंच, लांब हाताच्या माणसाच्या मापाचा असतो. पाच फूट पाच इंचांच्या माणसाचा गाल त्यावर नीट बसत नाही आणि बार पक्ष्याच्या वरून जातो. मूठ गरम तेलानं तापवून कारागीर दस्ता थोडा वाकवतो, मागून अर्धा इंच कापतो. माझ्या दुसऱ्या बंदुकीला हे केलं. बॉक्सलॉक, साधी, रंग उडालेली. त्याच आठवड्यात पहिला ग्राउस पडला, पुढच्या चापानं.

प्रश्नोत्तरांना दहा मिनिटं आहेत. ज्यांना टिचकी मारून बघायची आहे त्यांनी एकेक करून टेबलाशी या. नळ्यांना हात लावल्यावर हात पुसा, तेल लावलेलं आहे.