साभार पोच

(एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित मजकूर)

मंडळी, तुमच्या चिटणीसांनी फोनवर विषय विचारला. मी म्हटलं, लेखकांनी दुसऱ्या लेखकांच्या पुस्तकांवर जाहीर लिहावं का, यावर बोलेन. ते जरा थांबले आणि म्हणाले, "लिहितातच की सगळे!" लिहितात, खरं आहे. पण काय लिहितात?

तुमच्या वाचनालयात जुन्या मासिकांचे बांधीव खंड आहेत, ते मी दुपारी चाळत होतो. जवळजवळ प्रत्येक अंकाच्या शेवटी बारीक टायपात एक यादी असते. पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, पानं, किंमत. वर मथळा, 'साभार पोच'. ज्यांनी 'अभिप्रायार्थ दोन प्रती' पाठवल्या त्यांना एवढीच पावती. माझं पहिलं पुस्तक अशाच एका यादीत आलं होतं. मी तो अंक विकत घेऊन आईला दाखवला. ती म्हणाली, "म्हणजे पोचलं. वाचलं का कुणी?"

आपल्याकडे पुस्तकाची आवृत्ती फार तर हजाराची, आता कित्येकदा त्याहूनही कमी. लिहिणारे सगळे एकमेकांना ओळखतात. ज्याच्या कादंबरीवर मी आज लिहिणार, तो उद्या पुरस्काराच्या समितीवर असतो, परवा माझ्याच प्रकाशकाकडे चहा पीत बसलेला असतो. इंग्लंडमधल्या 'टाइम्स लिटररी सप्लिमेंट'नं यावर उपाय केला होता: 1974 पर्यंत त्यांची परीक्षणं बिननावाची छापली जायची. मराठीत हे चालायचं नाही. स्वल्पविराम कुठे पडला यावरून आपण माणूस ओळखतो.

तेव्हा हितसंबंध आहेत म्हणून लेखकानं परीक्षणं लिहूच नयेत, असं म्हणणारे चुकीचं काही बोलत नाहीत. पण मला त्यांची भीती वेगळ्या ठिकाणी असायला हवी असं वाटतं. मैत्री, मत्सर, पुरस्कार हे वाचकाला दिसतं, तो ते वजा करून वाचतो. न दिसणारा दोष असा की लेखक दुसऱ्याचं पुस्तक आपल्याच गजानं मोजतो. आणि तो गज त्यानं आयुष्यभर घासून घासून तयार केलेला असतो, त्यामुळे तो चुकीचा असू शकेल हे त्याच्या मनातही येत नाही.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांचं उदाहरण घ्या. 'निबंधमाला' हे त्यांचं मासिक 1874 मध्ये सुरू झालं तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते, आणि गेले तेव्हा बत्तीसचेही पुरते नव्हते. एवढ्या वयात मराठी गद्याला त्यांनी जे वळण लावलं, ते मी नाकारत नाही. लोक त्यांना मराठी भाषेचे शिवाजी म्हणू लागले. या माणसासमोर जोतीराव फुल्यांची 'गुलामगिरी' आली. शूद्रातिशूद्रांच्या गुलामीवरचं 1873 चं पुस्तक. शास्त्रीबुवांनी काय पाहिलं? व्याकरण. शुद्धलेखन. प्रयोग कुठे चुकला, विभक्ती कुठे घसरली, याची टिंगल करत त्यांनी ते पुस्तक निकालात काढलं. आता त्या जागी स्वतःला ठेवून बघा. तुम्ही उत्तम शिंपी आहात आणि तुमच्यापुढे कुणीतरी घोंगडी आणून टाकली. तुम्ही म्हणालात, हिला काज नाहीत, गुंड्या नाहीत. बरोबर, नाहीतच. पण थंडी कुणाला वाजतेय हे विचारायचं राहून गेलं. गंमत म्हणजे याच जोतीरावांनी 1869 मध्ये शिवाजी महाराजांवर पवाडा लिहिला होता, तोही त्याच बोलीतल्या, शास्त्रीबुवांना न रुचणाऱ्या मराठीत.

पुढे 1885 मध्ये पुण्यात ग्रंथकारांची सभा भरायची होती, न्यायमूर्ती रानड्यांनी जोतीरावांना बोलावणं धाडलं. जोतीरावांनी जायला नकार दिला आणि पत्रात त्या मंडळींना 'घालमोडे दादा' म्हटलं. ते पत्र मी अधूनमधून काढून वाचतो. माझ्या लेखी मराठीतल्या परीक्षणसंस्थेचं ते सगळ्यांत कडक परीक्षण आहे. जे माणसाला माणसाचे हक्क खुषीनं देत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्या सभांचा आणि पुस्तकांचा मेळ बसत नाही, असं त्यात एका लेखकानं उघड सांगितलं.

आता याच्या अगदी उलट टोकाचं एक उदाहरण. 1972 मध्ये नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' हा कवितासंग्रह आला. प्रस्तावना विजय तेंडुलकरांची. तेंडुलकर तोवर 'शांतता! कोर्ट चालू आहे' लिहून बसलेले, मोठं नाव. प्रस्तावना लिहिणारा मोठा माणूस काय करतो हे आपल्याला ठाऊक आहे. तो कवीच्या डोक्यावर हात ठेवतो. तेंडुलकरांनी ते केलं नाही. यातले कितीतरी शब्द मला कळले नाहीत, ते मी कवीला विचारले, हे त्यांनी छापून कबूल केलं. पांढरपेशा माणसाची हद्द जिथे संपते तिथून ही कविता सुरू होते, हे त्यांनी आधी मान्य केलं आणि मग लिहिलं. स्वतःचा गज त्यांनी दाराबाहेर ठेवला. त्यांच्या तोलाच्या लेखकानं 'मला हे येत नाही' असं म्हणणं हाच त्या पुस्तकावरचा अभिप्राय होता, आणि तो देताना लेखकाच्या पदरचं काहीतरी खर्च झालं होतं.

अत्र्यांचं काय, असं पुढच्या रांगेतून कुणीतरी पुटपुटलेलं मला ऐकू आलं. येतो. 'झेंडूची फुले' 1925 चं. त्या काळच्या कवितेची, रविकिरण मंडळातल्या कवींसकट, अत्र्यांनी 'केशवकुमार' या नावानं जी विडंबनं केली ती मी परीक्षणंच समजतो. विडंबनाला त्या कवीची लकब आतून यावी लागते, यमक कुठे ओढून आणलंय हे कानाला कळावं लागतं. न वाचता विडंबन करता येत नाही. न वाचता परीक्षण करता येतं, आपण सगळ्यांनी केलेलं आहे. आणि हाच झोडपणारा माणूस, सोपानदेव चौधरींनी आईची गाणी त्याच्यापुढे ठेवली तेव्हा जे ओळखायचं ते एका बैठकीत ओळखून मोकळा झाला. 1952 च्या 'बहिणाबाईंची गाणी'ला त्याचीच प्रस्तावना आहे. अत्र्यांचे बाकीचे वाद मी इथे काढत नाही, त्यातले निम्मे साहित्याचे नव्हतेच.

एक तिसरा मार्ग सभ्य माणसांचा. आवडलं तर लिहायचं, नाही तर गप्प बसायचं. पु. ल. देशपांड्यांनी पुस्तकांवर लिहिलेल्या लेखांच्या संग्रहाचं नावच 'दाद'. दया पवारांच्या 'बलुतं' या दलित आत्मकथनावर त्यांनी लिहिलं, तेव्हा ज्या घरांत ते पुस्तक एरवी गेलं नसतं त्या घरांत ते गेलं. हे उपकार मोठे आहेत. पण पुलंना जे शोभलं ते आपण सगळ्यांनी केलं की काय होतं? गप्प बसणं हाच निकाल होऊन बसतो. अमक्यानं तमक्यावर लिहिलं नाही, म्हणजे समजा काय ते! आणि त्या निकालाला कारणं द्यावी लागत नाहीत, नावही घालावं लागत नाही.

मी स्वतः काय केलं ते सांगतो, म्हणजे उपदेश करणाऱ्याचं घर कसं आहे ते तुम्हाला दिसेल.

माझ्या एका मित्राची कादंबरी आली होती. बंद पडलेल्या जिनिंग कारखान्यावरची. पहिली दोनशे पानं अशी की सरकीचा वास यायचा. मग नायकाची बायको, जी तोवर घरात एकटीच धड बोलत असते, ती अचानक मुकी होते. चाळीस पानं काही बोलत नाही आणि मग मरते. का मरते? लेखकाला नायक रडायला हवा होता म्हणून. मीही कादंबऱ्या लिहितो, ही युक्ती मी दोनदा वापरलेली आहे, त्यामुळे मला ती लांबून दिसली. रविवारच्या पुरवणीसाठी मी आठशे शब्द लिहिले. त्यात एक वाक्य होतं: 'शेवटाकडे कादंबरी वेगळं वळण घेते.'

पंधरा दिवसांनी एक पत्र आलं. एका वाचक बाईंचं, अक्षर शाळामास्तरणीचं असावं तसं, ठळक, समासात आकडे. त्यांनी लिहिलं होतं, 'तुमचं वाचून कादंबरी विकत घेतली. चारशे रुपये. बाईला गप्प करून मारणं याला तुम्ही वळण म्हणता, हे आधी कळतं तर बरं झालं असतं.'

ते पत्र घेऊन मी मित्राकडे गेलो. वाटलं, हसून सोडून देईल. त्यानं ते दोनदा वाचलं आणि मला विचारलं, "तुला कळलं होतं?" मी हो म्हटलं. तो म्हणाला, "मग लिहायला काय धाड भरली होती? दुसरी आवृत्ती गेल्याच महिन्यात छापून झाली."

चार वर्षं आमचं बोलणं बंद होतं. आणि हे, लक्षात घ्या, मी गोड लिहिलं म्हणून.

तेव्हापासून मी जे पाळतो ते थोडकंच आहे. ओळख असेल तर पहिल्याच परिच्छेदात सांगतो, की हा माझा मित्र, मी त्याच्या घरी जेवलेलो आहे. पुस्तक चांगलं की वाईट याचा निकाल शक्यतो देत नाही, शिवण कुठे उसवली ते दाखवतो, कारण लेखक म्हणून मला तेवढंच इतरांपेक्षा जास्त कळतं. आणि ज्या जगातलं मला काही येत नाही, तिथलं पुस्तक असेल तर न कळलेल्या गोष्टी मोकळेपणानं लिहून टाकतो. पहिल्या पुस्तकावर मात्र कठोर लिहायला माझा हात अजून उचलत नाही. ते बरोबर आहे की भेकडपणा, माझं मलाच ठरवता आलेलं नाही. तुम्ही प्रश्नोत्तरांत सांगा.

गेल्या महिन्यात कुरिअरनं एक पाकीट आलं. त्याच मित्राची नवी कादंबरी. आत 'सप्रेम भेट' वगैरे काही नाही, फक्त सही आणि तारीख. मी एकोणसाठ पानं वाचली आहेत, समासात पेन्सिलीच्या खुणा आहेत. फोन करून सांगितलं, लिहिणार आहे, नावानिशी. तो म्हणाला, "ये मग चहाला. पण लिहून दिल्यावर ये."