एक गोटी, एक मत

टण्ण!

ऐकलंत? मत पडलं.

पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियात मतदाराला मतपत्रिका मिळत नाही, काचेची गोटी मिळते. आडोशामागे पत्र्याची पिंपं ओळीने मांडलेली असतात. प्रत्येकाला पक्षाचा रंग, वर उमेदवाराचा फोटो आणि माथ्यावर एक नळी. नळीतून गोटी सोडली की आतल्या घंटेवर आपटते. बाहेरचे अधिकारी कान देऊन बसतात, कारण आवाज एकदाच यायला हवा. गोटी खाली पडून पुन्हा वाजू नये म्हणून तळाशी भुसा किंवा वाळू. आणि सायकलच्या घंटीने घोटाळा नको, म्हणून केंद्राजवळ सायकल आणायची नाही! स्वातंत्र्याच्या सुमारास बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हतं, तेव्हा ही पद्धत आली. मतयंत्राच्या 'बीप'ची सवय असलेल्या आपल्या कानांनाही ही घंटा ओळखीची वाटते.

त्या गोटीतून निवडून येतो राष्ट्राध्यक्ष, पाच वर्षांसाठी. ज्याच्या पिंपात जास्त गोट्या, तो जिंकला. निम्मी मतं मिळालीच पाहिजेत असं नाही. दुसरी फेरी नाही.

२०१६ साली आदामा बॅरो सुमारे ४३ टक्क्यांवर जिंकले. हरले याह्या जामे. १९९४ च्या लष्करी उठावापासून बावीस वर्षं सत्ता त्यांच्याच हातात होती. त्यांनी आधी पराभव मान्य केला आणि आठवड्याभरात शब्द फिरवला. सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, पण तो ऐकायला पुरेसे न्यायाधीशच नव्हते. न्यायाधीश नेमायचे कोणी? राष्ट्राध्यक्षांनीच! अखेर १९ जानेवारी २०१७ ला बॅरो यांनी शेजारच्या सेनेगलच्या राजधानीत, डाकारमध्ये, आपल्या देशाच्या दूतावासात शपथ घेतली. पश्चिम आफ्रिकेतल्या देशांच्या फौजा सीमा ओलांडून आल्या, आणि दोन दिवसांनी जामे देश सोडून गेले.

माणूस गेला, १९९७ चं संविधान राहिलं. राष्ट्रीय सभेत ५८ जागा आहेत. त्यातले ५३ सदस्य लोक निवडतात, पाच राष्ट्राध्यक्ष नेमतात. उपराष्ट्राध्यक्ष, मंत्री, प्रांतांचे गव्हर्नर तेच नेमतात. गावांवर देखरेख ठेवणारा सेफो, म्हणजे जिल्ह्याचा पारंपरिक प्रमुख, त्याचीही नेमणूक तिथूनच. एका माणसाने किती वेळा निवडून यायचं, याला मर्यादा नाही. मला सगळ्यात जास्त खुपतं ते हेच.

ती मर्यादा घालणारा नवा मसुदा तयार झाला होता. दोनच कार्यकाळ, आणि जिंकायला निम्म्याहून जास्त मतं. सप्टेंबर २०२० मध्ये तो सभेपुढे आला. बाजूने ३१, विरोधात २३. बहुमत होतं, पण लागत होतं तीन-चतुर्थांश. मसुदा तिथेच पडला.

४ डिसेंबर २०२१. पहाटेपासून रांगा. आधीचंच संविधान, तीच पिंपं. आडोशामागे एक बाई हात वर करते.

टण्ण.