पावसाळ्यातली बॅट

नमस्कार श्रोतेहो. जूनमध्ये पाऊस धरला की क्रिकेटचं किट माळ्यावर जातं. ऑफ सीझन सुरू! १ जूनपासून यांत्रिक मासेमारीही बंद होते, पण कोळी काही हात बांधून बसत नाही. जाळी सांधतो, इंजिन खोलतो. आपली बॅग मात्र थेट दिवाळीला उघडते, आणि आतून जो वास येतो तो तुम्हाला ठाऊक आहेच.

मुंबईनं या ऑफ सीझनचं काय केलं, ते ऐका. १९४८ साली डॉ. होरमसजी कांगा यांच्या नावानं एक लीग सुरू झाली, तीही भर पावसाळ्यात. १९११ साली इंग्लंडला गेलेल्या भारतीय संघातले हे पारशी फलंदाज. कांगा लीगची खेळपट्टी उघडी. चेंडू ओल्या मातीत रुतून थांबतो, बॅट आधीच फिरून जाते आणि सोपा झेल उडतो. मग तासभर ऊन पडतं. वरचा पापुद्रा सुकतो, खाली ओल तशीच. आता एक चेंडू हनुवटीपर्यंत उसळतो, तर पुढचा घोट्याशी सरपटतो. आणि मैदानावर वाढलेलं गवत? जमिनीलगत कव्हर ड्राइव्ह मारावा, तर चेंडू पंचवीस पावलांवर मुक्कामाला. चौकार हवा असेल तर उचलूनच मारायचा. म्हणून तिथल्या तीस धावा मी पाटा, म्हणजे फलंदाजीला सोप्या, खेळपट्टीवरच्या शतकाच्या पंगतीला बसवतो. हल्ली वीस षटकांत दोनशे होतात, लोक टाळ्या वाजवतात. त्यात गोलंदाजानं करायचं तरी काय? असो.

अकरा वर्षांचा सचिन तेंडुलकर १९८४ साली जॉन ब्राइट क्लबकडून याच लीगमध्ये उतरला. त्याआधी शिवाजी पार्कवर आचरेकर सरांकडे उन्हाळी सुट्टीतला सराव. त्याच्याकडे क्रिकेटच्या कपड्यांचा एकच जोड होता. सकाळचा सराव झाला की घरी येऊन कपडे धुवायचे, उन्हात वाळवायचे आणि दुपारच्या सरावाला तेच चढवायचे. सदरा वाळायचा, पँट वाळायची. खिशांचं अस्तर काही वाळायचं नाही. पोरगा सुट्टीभर ओल्या खिशांनी खेळला. खिसे ओले, बरं का, बॅट नव्हे!

कारण बॅट ओली झाली की पहिला मार खालच्या टोकाला. विलोचं लाकूड पाणी पितं, टोक फुगतं आणि वाळताना चिरतं. ओली बॅट उन्हात किंवा गॅसजवळ ठेवू नका. पुसून सावलीत दोन-तीन दिवस आडवी ठेवा. ओल्या ग्लोव्ह्जबरोबर बॅगेत कोंबू नका, प्लास्टिकमध्येही गुंडाळू नका.

पूर्ण कोरडी झाली की बारीक पॉलिश पेपर फिरवा आणि जवसाचं कच्चं तेल लावा. कच्चं, बरं का. रंगाच्या दुकानातलं बेलतेल नको (बेलफळाशी त्याचा काही संबंध नाही). ते उकळलेलं असतं, लाकडावरच साय धरतं, आत मुरत नाही. चहाचा एक चमचा पुरे. फडक्यानं समोरची बाजू, कडा आणि पाठ चोळा, टोकाला जरासंच. दांडा जिथे पात्यात बसवलाय त्या सांध्याला तेल नको, तिथला गोंद सुटतो. स्टिकरलाही नको. मग चोवीस तास आडवी, समोरची बाजू वर. उभी ठेवलीत तर तेल उतरून टोकात साचतं. जास्त तेलानं बॅट जड होते आणि ठोका मेल्यासारखा बसतो. समोर पारदर्शक पट्टी चिकटवली असेल तर तिथे तेल मुरणारच नाही. उघड्या लाकडालाच लावा.

नवी बॅट असेल तर ठोकायला, म्हणजे ठोकून लाकूड घट्ट करायला, हाच मोसम. लाकडी हातोडीनं रोज दहा मिनिटं; महिन्यात पाच तास होतात. आधी हलके, मग जोर वाढवत. कडांवर तिरके ठोके द्या. टोकाच्या तळाला हातोडी लावायची नाही. पुन्हा सांगतो, तळाला नाही. शेजारी तक्रार करतील, म्हणून दुपारी झोपेच्या वेळेला ठोकू नका. शेवटी जुना चेंडू मारून बघा: पात्यावर शिवणीची खूण खोल उमटली, तर अजून आठवडाभर ठोकावी लागेल.