मोहाची वेचणी, एकाच पानावर

मार्च सरता सरता गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात पहाटेच्या अंधारातच बाया टोपल्या घेऊन मोहाच्या झाडाखाली पोहोचतात, कारण रात्रभर टपटपलेली रसाळ फुले ऊन चढण्यापूर्वी वेचावी लागतात. याच फुलांवर अर्थशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि मराठी या तीन विभागांचे विद्यार्थी मिळून एक चर्चासत्र करीत आहेत आणि त्यांचे लिखाण गूगल डॉक्समधील एकाच पानावर चालते.

त्या पानावरचा एक शब्द जवळून पाहण्यासारखा आहे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने ‘मोहफुलांचे उत्पादन’ असे लिहिले होते. मराठीच्या विद्यार्थिनीची आई स्वतः मोह वेचते. तिने तो शब्द न खोडता सजेशन मोडमध्ये, म्हणजे मूळ मजकूर तसाच ठेवून बदल फक्त सुचवण्याच्या सोयीने, ‘वेचणी’ सुचवला आणि कॉमेंटमध्ये विचारले की, जे झाड कोणी पेरले नाही, त्याच्या फुलाला उत्पादन कसे म्हणावे? त्याखाली वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याने नोंदवले की, एकच झाड दरवर्षी सारखे फुलत नाही. अखेर अर्थशास्त्राच्याच विद्यार्थ्याने 2006 चा वनहक्क कायदा उघडला; गौण वनोपजाबाबत, म्हणजे मोहफुलांसारख्या लाकडाव्यतिरिक्तच्या वनोपजाबाबत, त्यात मालकीबरोबर गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क दिलेला आहे. त्याने ‘वेचणी’ स्वीकारली.

वर्गात हा शब्द दोन मिनिटांत निकालात निघाला असता. इथे चार दिवसांचे बोलणे तारीख-वेळेसह टिकून आहे आणि त्या पानाच्या जुन्या आवृत्त्या उघडल्या की कोणाचे मत कुठे वळले, तेही दिसते. आंतरविद्याशाखीय अभ्यास म्हणतात तो मला या समासातच घडताना दिसला.

अडचणी आहेतच. फाइल आधीच ‘ऑफलाइन उपलब्ध’ करून ठेवली, तर रेंज नसतानाही मोबाइलवर लिहिता येते आणि जोडणी मिळताच मजकूर आपोआप पानावर चढतो. ते ज्याच्याकडून राहिले, त्याला तालुक्याच्या गावी यावे लागते. कृतिदेव या जुन्या फॉन्टमधील टिपणे चिकटवली की अक्षरांची गिचमीड होते, म्हणून ती आधी युनिकोडमध्ये आणावी लागतात.

संध्याकाळी अंगणात मुलगी आईला ते पान वाचून दाखवते. आई शेवटपर्यंत ऐकते आणि विचारते, “वेचल्यावर वाळवा लागते, ते कुठी लिवलं वो?” मुलगी समासात नवी कॉमेंट उघडते: फूल वाळल्यावर वजन किती घटते, हे वनस्पतिशास्त्राने सांगावे.